जुनेराचे थर

बुलढाणा जिल्ह्यात हिंडू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की या एका जिल्ह्यात दोन मुलूख नांदतात: एक घाटाखालचा, दुसरा घाटावरचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही काळ्या जमिनीची, कपाशीची आणि वैशाखात अंगाची लाही करणारी गावे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, जेथे पौषातल्या पहाटेचा गारठा माणसाला चुलीपासून हलू देत नाही. पीकपाण्यात या दोन्ही भागांचे अंतर पुष्कळ असले, तरी रात्री अंथरुणाची वळकटी सोडली म्हणजे आतून निघणारी वस्तू दोहोंकडे एकच. ती म्हणजे गोधडी. वऱ्हाडी जिभेवर तिची ‘गोधळी’ होते.

गोधडीचे मूळ द्रव्य म्हणजे जुनेर. नेसून नेसून विटलेल्या, विरलेल्या लुगड्यास मराठीने हा इतका नेमका शब्द दिला आहे, की त्यात त्या वस्त्राविषयी तिरस्कार नाही आणि दयाही नाही. केवळ अवस्थांतराची नोंद आहे. नव्या लुगड्याचे जुनेर झाले की त्याचा मऊ भाग बाळाच्या दुपट्याकडे व बाळोत्यांकडे जाई, धडका भाग गोधडीकडे जाई, उरलेल्यातून डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ होई, आणि सर्वांच्या शेवटी जे राही त्याचे पोतेरे होऊन ते सारवणाच्या कामी येई. वस्त्राच्या आयुष्याची ही उतरंड कुणी कोणास शिकविली नाही. पण ती ओलांडून धडक्या जुनेराचे एकदम पोतेरे करणाऱ्या सुनेस सासूकडून जे ऐकावे लागे, ते येथे न लिहिलेलेच बरे.

शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. कपाशीचा शेवटचा वेचा आटोपलेला, पेरणीस अवकाश, अशा चैत्र-वैशाखाच्या दुपारी सारवलेल्या ओसरीवर एक धडके लुगडे अंथरावयाचे, त्याची चारी टोके दगडांनी दाबावयाची, आणि त्यावर जुने धोतर, सदऱ्याची बाही, परकराचा घेर, पागोट्याचा पट्टा असे तुकडे खाली-वर न होतील अशा बेताने मांडून वरून दुसरे जुनेर पसरावयाचे. मग मोठे टाके घालून सगळे टाचून घेतले, की काठापासून धावदोरा सुरू होई; तो चारी बाजूंनी फिरून पुन्हा आत वळे, चौकटीत चौकट काढीत मध्यापर्यंत पोचे, आणि दोन-तीन बायका एकेक बाजू धरून बसल्या असल्या तरी कोणाचा टाका बारीक व कोणाचा आळशी, हे गोधडी पुढची वीस वर्षे जगजाहीर करीत राही.

येथे एक कोडे आहे आणि त्याचे उत्तर शोधताना जिल्ह्याचा इतिहास उलगडतो. ज्या मुलखात घरोघर कापसाचे ढीग पडत, तेथल्या कुणब्याच्या अंगावर कापूस भरलेली रजई का नसावी? पिंजारी गावोगाव फिरत होता. पण त्याच्या तातीचा टणत्कार पाटील-कुळकर्ण्यांच्या व सावकाराच्या वाड्यात अधिक घुमे. कारण कापूस हा रोख पैसा होता आणि जुनेर बाजारात पैसा नव्हते. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, जमाबंदी होऊन शेतसारा रोकडीने भरणे आले, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने कापसाचे भाव आभाळास भिडविले, आणि १८६७ साली नागपूरपर्यंत पोचलेल्या लोहमार्गाला जलंबहून आठ मैलांचा फाटा फोडून १८७० साली खामगावची पेठ थेट मुंबई बंदराशी जोडण्यात आली. त्या समारंभास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने आले होते. कापूस खात्याचे अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांचा हिशेब तर उघड होता: विलायती कापड स्वस्त पडून इकडची सूतकताई मागे पडली, तर तितका कापूस निर्यातीस आणि तितके हात शेतीस मोकळे होतील. मेहकरची धोतरे एके काळी नावाजलेली. त्यांच्या विणकरांना हा हिशेब महागात पडला. रयतेच्या शेतातला कापूस याप्रमाणे समुद्रापार जाऊन कापड होऊन परत येई, अंगावर झिजे, आणि जुनेर झाल्यावरच तिच्या अंथरुणात शिरे. लागवड स्वतःची, ऊब मात्र सेकंडहँड!

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापड ही घेण्याची नव्हे, जपण्याची वस्तू झाली. आणि १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले तेव्हा ज्यांनी कधी ठिगळ लावले नव्हते, त्यांच्या घरीही सुया निघाल्या. याच वऱ्हाडात जन्मलेल्या डेबूजी नावाच्या परटाने चिंध्यांचे वस्त्र पांघरून आणि फुटके गाडगे हाती घेऊन खराटा चालविला, तेव्हा लोक त्यांना आधी गोधडेबुवा म्हणत. गाडगेबाबा हे नाव रूढ झाले ते पुढे. घरातल्या टाकाऊ वस्तूंनी आपली ओळख घडविणारा दुसरा संत मला ठाऊक नाही.

आमच्या घरची एक गोधडी मी मध्यंतरी कोपऱ्यात उसवून पाहिली. वर फुलाफुलांचे, कधीही न विरणारे पॉलिएस्टर पातळ. त्याखाली फिकट जांभळे, इरकली काठाचे जुनेर. त्याखाली मांजरपाट, ज्याच्या कडेला गिरणीच्या शिक्क्याची दोन निळी अक्षरे अजून वाचता येत होती. आणि अगदी आत जाडसर, गाठाळ सुताचे हातमागाचे कापड, जे कोणाच्या अंगावर होते हे सांगणारे आता कोणी उरले नाही. कारण गोधडी जीर्ण झाली म्हणून टाकीत नसत, तिच्यावर नवे जुनेर चढवीत. म्हणून ती जितकी जुनी तितकी जड. नवरात्राच्या आधी ती पैनगंगेच्या वा नळगंगेच्या पाण्यात भिजली, की दोघींवाचून पिळली जात नसे.

आता भांड्यांची पाटी घेऊन दारी येणारी बोहारीण पॉलिएस्टरची पातळे खुशीने नेते आणि बदल्यात स्टीलचा डबा देते; गोधडीस लागणारे सुती जुनेर घरात निपजत नाही, म्हणून काही ठिकाणी ते विकत आणून गोधड्या शिवतात, हा काळाचा विनोदच. ज्यांच्या माळ्यावर अजून जड गोधडी पडली असेल, त्यांनी ती बोहारणीस देण्यापूर्वी एक कोपरा उसवून पाहावा, आतले कापड कोणाचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे, आणि कोपरा पुन्हा शिवून टाकावा.