कानांनी राखलेली पोथी

श्रावण लागला की वैभववाडीकडच्या घरांतून पोथी निघते. बाहेर करूळ घाटावरून सरींवर सरी उतरत असतात, आत समईच्या उजेडात कुणी ‘हरिविजय’, कुणी ‘पांडवप्रताप’ लावलेला असतो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा शिरस्ता. गंमत अशी की वाचणाऱ्याची चूक काढते ती अक्षर न ओळखणारी आजी! पोथी बासनात असते खरी. पण तिचा मुक्काम असतो आजीच्या कानात.

वैभववाडीला गाडीत बसले की काही तासांत मडगाव येते. मडगावच्या भोवतालचा मुलूख म्हणजे साष्टी. आजीच्या कानाचे हे सामर्थ्य चारशे वर्षांपूर्वी त्या साष्टीत एका इंग्रज पाद्र्याने ओळखले होते. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला आणि १६१९ साली वारला. ही चाळीस वर्षे त्याने बहुतेक साष्टीतच काढली.

तो आला तो काळ प्रेमाचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांचा संताप उफाळला आणि पाच जेझुइट त्यात मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले, आणि चौकशीवाचून ठार केले. वाचकहो, दिलेला शब्द असा मोडला गेल्यावर त्याच सत्तेच्या छायेत आलेल्या धर्मगुरूच्या शब्दावर गावाने विश्वास तो कसा ठेवावा?

ख्रिस्ती धर्मात तर सारा भार शब्दावरच. योहानाचे शुभवर्तमान उघडते तेच शब्दाच्या महिम्याने. श्रद्धा ऐकण्यातून उपजते, ही संत पौलाची शिकवण. पण ऐकायचे ते कोणत्या भाषेत? लॅटिन मंत्र साष्टीच्या शेतकऱ्याला काय कळणार? आणि पोर्तुगीज भाषा तर हुकमाची.

स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्रीगुरूंना विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न नम्र आहे, पण त्यात केवढी पोकळी बोलते आहे! माणसाचा धर्म बदलला, म्हणून संध्याकाळी ओवी ऐकण्याची कानांची सवय थोडीच बदलते? पोथी गेली आणि घर मुके झाले, हे त्याचे दुखणे.

स्टीफन्सने उत्तर दिले ते ‘ख्रिस्तपुराण’ रचून. जुन्या करारापासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा, दोन भाग, ९५ अध्याय आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या! भाषा मराठी, तीत साष्टीच्या बोलीचा मिलाफ. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. मराठीची जी थोरवी त्याने गायिली ती आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. १६१६ साली रायतूरला ग्रंथ छापला. पण देवनागरीचे खिळे हाती नसल्याने रोमी लिपीत. कित्येकांना ती अक्षरे परकी वाटली असतील. त्याने काही अडले नाही. ग्रंथ होताच मुळी ऐकण्यासाठी. चर्चमध्ये तो वाचला जाई, ओवी ओळखीच्या वळणाने कानी पडे, आणि तेवढ्यापुरते मुके घर पुन्हा बोलके होई.

पुढे काळ फिरला. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले : लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या ओव्यांनी धर्म लोकांच्या जवळ आला, त्या ओव्यांची जीभच सत्तेला नकोशी झाली. ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, १६१६, १६४९ आणि १६५४ साली. त्यांपैकी एकाचीही प्रत आज सापडत नाही.

छापलेले नष्ट झाले; राहिले ते ऐकणाऱ्यांनी जपलेले. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ओव्या बरोबर नेल्या, हाताने उतरून ठेवल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखितही आढळले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला, तेव्हा कुठे मराठी वाचकाच्या डोळ्यांना या पुराणाचे सुलभ दर्शन झाले. आणि तीन वर्षांत विसरावयाची ती कोकणी? १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली!

या इतिहासात कुणा एकाचा जयजयकार करण्याजोगे नाही. ज्या सत्तेने पोथ्या बंद केल्या, तिच्याच आसऱ्याने हे पुराण उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. पण सत्तेचा शब्द आणि प्रेमाने उच्चारलेला शब्द यांतला भेद यात लख्ख दिसतो. असोळण्याचा शब्द लोकांना आठवतो तो जखमेसारखा. स्टीफन्सची ओवी आठवते ती आईच्या हाकेसारखी. कारण ती त्यांच्याच घरच्या जिभेने बोलली.

दिवाळीत घरोघरी माणसे जमतात, दिवे लागतात. अशा वेळी आजीला एखादी ओवी म्हणावयास सांगावी आणि मुलांना जवळ बसवावे. ओवी रामाची असो, कृष्णाची असो वा येशूची. तिला राहावयास कान हवा असतो.