दिसलं, पण काय दिसलं? रेट्रोव्हायरसच्या चित्रांची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या माणसानं विषाणूंवर बोलावं हे काही जणांना विचित्र वाटेल. पण आम्ही उभी हयात वर्गात 'प्रत्यक्ष प्रमाण' शिकवण्यात घालवली. एकदा प्राणिशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यानं आमच्यासमोर एक छायाचित्र ठेवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" आम्ही म्हटलं, "करड्या रंगावर काळे ठिपके." तो म्हणाला, "मला एड्सचा विषाणू दिसतोय." चित्र एकच, डोळे दोघांचे धड. (आमचा चष्मा जरा जाड, एवढाच काय तो फरक.)

आपले नैयायिक इथे दोन पायऱ्या सांगतात. आधी निर्विकल्पक प्रत्यक्ष, म्हणजे नुसतं 'काहीतरी आहे' एवढं भान. मग सविकल्पक, म्हणजे 'हा घट आहे' असं नावानिशी ज्ञान. आजची सगळी गोष्ट या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत घडते. ती जागा दिसते त्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि तिथे भले भले घसरलेले आहेत.

सुरुवात कोंबडीपासून. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क काढला. जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून तो गाळला आणि दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. म्हणजे गाळणीतून काहीतरी पार गेलं होतं. काय, ते कुणाला दाखवता येईना. रेट्रोव्हायरस साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. दहा हजार ओळीनं मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाशाच्या लाटेची लांबीच आड येते आणि २०० नॅनोमीटरच्या खाली सगळं धूसर होतं. राऊस यांचं म्हणणं अनेकांनी बाजूला सारलं. त्यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. अनुमान पक्कं होतं, प्रत्यक्ष नव्हतं. तेवढ्यावर माणसाला किती थांबावं लागतं बघा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बर्लिनमध्ये १९३१ साली माक्स क्नॉल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी बनवला. रुस्कांचे धाकटे भाऊ हेल्मुट वैद्यकातले, म्हणून हे यंत्र विषाणूंकडे लवकर वळलं. मात्र त्याची एक अट होती. आत निर्वात पोकळी लागते, त्यामुळे नमुना वाळलेला हवा. शिवाय सजीवांतल्या कार्बन-हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन जवळजवळ सरळ निघून जातात, म्हणून नमुन्याला ऑस्मियम, युरेनियम, टंग्स्टन असल्या जड धातूंची क्षारं द्यावी लागतात. त्या जुन्या चित्रांत आपण पाहतो तो बहुतांशी विषाणूवर किंवा त्याच्याभोवती बसलेला धातू. विषाणूची आकृती आपण त्यावरून वाचतो.

१९४७ मध्ये, त्याच रॉकफेलर संस्थेत, अल्बेर क्लोद, कीथ पोर्टर आणि पिकल्स यांनी कोंबडीच्या गाठीच्या पेशींत विषाणूसारखे कण पाहिले. पुढे पॅरिसजवळच्या व्हिलज्विफमध्ये विल्हेल्म बेर्नहार्ड यांनी उंदरांचे आणि कोंबड्यांचे असे कण जमवून त्यांची वर्गवारी केली, आणि १९६० च्या सुमाराला ती रूढ झाली. 'ए' कण पेशीच्या आतच राहणारे, मेदूवड्यासारखे. 'बी' म्हणजे गाभा एका बाजूला सरकलेला; उंदरीच्या दुधातून पिलांना स्तनाचा कर्करोग देणारा विषाणू या खणातला. 'सी' म्हणजे गाभा मधोमध. ही वर्गवारी निव्वळ रूपावरची होती, आणि खूप उपयोगीही पडली. पण एकदा खण केले, की हाती येईल ते कुठल्या ना कुठल्या खणात घालायची सवय लागते.

आता मुंबई. उंदरांत दुधातून विषाणू जातो, तर माणसांत का नाही? पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आणि लग्नं समाजातल्या समाजात. म्हणून अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या गटानं मुंबईशी हातमिळवणी केली. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत सत्यवती शिरसाट होत्या. आपल्याकडे वैद्यकीय संशोधनात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव अगदी पुढे घ्यावं लागतं. टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर होते. पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले गेले, आणि १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला: 'बी' कणांसारखे कण दिसतात.

हा साधा भास नव्हता. आदल्याच वर्षी टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए लिहिणारं विकर शोधलं होतं, आणि दुधातल्या या कणांत तशीच क्रिया स्पीगलमन यांच्या गटाला सापडली. म्हणजे चित्र एक सांगतं, रसायन तेच सांगतं. इयन हॅकिंग या तत्त्ववेत्त्याचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे: दोन अगदी वेगळ्या भौतिक प्रक्रियांनी तीच गोष्ट दाखवली, तर तिला यंत्राचा खेळ म्हणता येत नाही. आम्ही हा युक्तिवाद वर्षानुवर्षं मोठ्या आत्मविश्वासानं शिकवला. मुंबईच्या दुधाची गोष्ट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती.

कारण ते टिकलं नाही. आजाराचा इतिहास नसलेल्या स्त्रियांच्या दुधातही असे कण दिसू लागले. दुधात चरबीच्या थेंबांभोवतीच्या पापुद्र्यांचे तुकडे असतात. जाळीवर वाळवले की तेही गोल, कडेला काटेरी दिसू शकतात. ज्या देशांत आया भरपूर अंगावर पाजतात, तिथे हा कर्करोग जास्त असायला हवा होता, तोही दिसेना. पण मधल्या काळात, घरात हा आजार असलेल्या बाईनं मुलीला अंगावर पाजावं की नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला होता. प्रयोगशाळेतल्या एका 'दिसलं'ची किंमत कुणाच्या मांडीवरच्या बाळापर्यंत पोचते ती अशी. तज्ज्ञ थट्टेनं 'ह्यूमन ट्यूमर व्हायरस'ला 'ह्यूमन रूमर व्हायरस' म्हणू लागले. शिरसाटबाईंना किंवा मूर यांना आम्ही दोष देणार नाही. 'सारखे कण' हे शब्द त्यांनी जपूनच वापरले होते. 'सारखे' गाळून वाचणारे दुसरे होते.

या वातावरणात १९८३ चा फेब्रुवारी आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीतल्या पेशी वाढवल्या होत्या, द्रवात विकराची क्रिया दिसत होती. शार्ल दोगे यांनी चिकाटीनं छेद तपासले आणि पेशीपटलावर फुगून बाहेर पडणारा कण टिपला. मे महिन्यात बारे-सिनूसी, मोंतानिये आणि सहकाऱ्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यात या विषाणूचं वर्णन काय होतं? नमुनेदार 'सी' प्रकारचा. कण खराच होता. खण चुकला होता.

का चुकला, ते स्वयंपाकघरात कळतं. गाजर आडवं कापलं तर चकती मिळते, उभं कापलं तर शंकू. सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचे छेद ५०-७० नॅनोमीटरचे असतात, म्हणजे विषाणूच्या जाडीपेक्षाही पातळ. एका छेदात आपल्याला गाजराची एक चकती मिळते. एड्सच्या विषाणूचा पक्व गाभा शंकूसारखा आहे, आणि तो आडवा कापला गेला की मधोमध काळा ठिपका: झाला 'सी'! शेकडो छेद पाहिल्यावर उभे शंकूही दिसू लागले आणि ओळख पटली. हा मेंढ्यांच्या विस्नासारख्या, सावकाश काम करणाऱ्या लेंटीव्हायरसच्या घराण्यातला. (चित्रांचा एक गोंधळ पुढेही झाला. १९८४ मध्ये अमेरिकन गटानं आपला विषाणू म्हणून छापलेली छायाचित्रं फ्रेंच विषाणूची निघाली, आणि १९८६ मध्ये दुरुस्ती छापावी लागली. पाठीमागचं लेबल सोडून चित्राला स्वतःची अशी ओळख नसते.)

मग दुधातला कण खोटा आणि हा खरा, हे कशावरून ठरलं? दोन्हीकडे चित्र होतं, दोन्हीकडे विकर होतं. फरक हा की पॅरिसचा कण ताज्या पेशींत सोडला की तिथे वाढत होता, तिथून पुढच्या पेशींत नेता येत होता, आणि रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याला ओळखत होती. हॅकिंगचं दुसरं सूत्र इथे लागू पडतं: ज्याच्याकडून काही करवून घेता येतं ते खरं. त्याचं ते पुस्तकही १९८३ चंच.

पुढचा भाग आम्ही भरभर सांगतो. हायडेलबर्गमध्ये झाक द्युबोशे यांनी १९८० च्या दशकात पाणी इतक्या झटकन गोठवलं की बर्फाचे स्फटिकच होऊ नयेत. धातू गेला, वाळवणं गेलं. २०१७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आला. १९९९ मध्ये शंकूचं कोडं भूमितीनं सोडवलं. षटकोनांच्या जाळीला बंद करायचं तर बरोबर १२ पंचकोन लागतात, हे अठराव्या शतकातल्या ऑयलरच्या सूत्रातून निघतं. रुंद टोकाला ७ आणि निमुळत्या टोकाला ५ ठेवले की शंकू होतो. पुढे गोठवलेल्या विषाणूंच्या चित्रांत खरोखर तशीच मांडणी सापडली.

तरी एक समजूत उरली होती. हा शंकू पेशीत शिरल्यावर केंद्रकाबाहेरच विरघळतो, असं मानलं जाई. तो साधारण ६० नॅनोमीटर रुंद आणि केंद्रकाच्या पटलातली छिद्रं त्याहून अरुंद मोजलेली. मग जाणार कसा? २०२१ मध्ये हायडेलबर्गच्याच संशोधकांनी गोठवलेल्या पेशींत पाहिलं, तर शंकू अख्खाच्या अख्खा छिद्रात बसलेला! जिवंत पेशीतली छिद्रंच रुंद होती. आधीची मापं पेशीतून वेगळ्या काढलेल्या केंद्रकांवरची. याच शंकूच्या घटकांमधल्या खाचेत बसणारं लेनाकापाविर हे औषध २०२२ मध्ये मान्य झालं, वर्षातून दोनदा टोचायचं.

आता प्रश्न घेऊ. आणि जाता जाता ते ठिपक्यांचं छायाचित्र पुढच्या टेबलावर ठेवलंय, ते बघून जा. त्यात उभे शंकू दोनच आहेत, बाकी चकत्या.