संदेशाचा हात आणि फिरते वेटोळे

फेब्रुवारी १८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज समुद्रतळाशी केबल सोडत मुंबईहून एडनकडे निघाले, आणि त्याच वर्षी मुंबई-लंडन तारसंपर्क समुद्रमार्गे सुरू झाला. मुंबईचा इतिहास लिहिणारे हा प्रसंग आवर्जून सांगतात. मुंबईत ठोकलेली तार एका दमात लंडनला पोहोचत नसे, हे मात्र बहुधा राहून जाते. एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशा ठाण्यांवर कारकून ती वाचून घेत आणि पुढच्या केबलवर हाताने पुन्हा पाठवत. ‘रिले’ या शब्दाचा एक जुना अर्थ चौकीवर बदलायचे ताज्या दमाचे घोडे असा आहे. इथे घोड्याच्या जागी माणूस होता. रात्रपाळीत पेंगणारा, एखादे अक्षर चुकवणारा.

जमिनीवरच्या तारायंत्रात हे काम यंत्राकडे केव्हाच गेले होते. दुरून आलेला अशक्त प्रवाह विद्युतचुंबकात शिरे, चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेई, पट्टी टेकताच दुसऱ्या बॅटरीचे मंडल पूर्ण होई आणि संदेश नव्या जोमाने पुढे जाई. मग समुद्रातच काय अडले?

तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे वेष्टन आणि भोवती खारे पाणी अशी ही केबल म्हणजे एक प्रचंड लांब विद्युतधारित्रच. ते भरायला आणि रिकामे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे झटक्याने पाठवलेला संकेत पलीकडे मंद, पसरट होऊन निघतो. दाब वाढवून तो रेटण्याचा प्रयोग व्हाइटहाउस यांनी १८५८च्या अटलांटिक केबलवर केला. ती काही आठवड्यांतच मुकी झाली. तेव्हा प्रवाह थोडाच वापरायचा, हे ठरून गेले. शिवाय वेळ वाचवण्यासाठी बिंदू आणि रेघ सारख्याच लांबीचे केले: एक धन, दुसरा ऋण. साध्या विद्युतचुंबकाला हा भेद कळत नाही. प्रवाह कोणत्याही दिशेने येवो, तो लोखंड ओढतोच.

विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्व्हिननी, १८६७मध्ये पेटंट घेतलेल्या सायफन रेकॉर्डरमध्ये मांडणी उलटी केली. चुंबक जड आणि स्थिर. बारीक तारेचे हलके वेटोळे त्याच्या ध्रुवांमध्ये टांगलेले. (पाठ्यपुस्तकांत याला कुंतल म्हणतात, मला वेटोळेच बरे वाटते.) प्रवाह एका दिशेने आला की वेटोळे डावीकडे वळे, उलटा आला की उजवीकडे, आणि जितका प्रवाह, तितके वळणे. त्याला जोडलेली केसासारखी काचेची नळी कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ काढी. ती रेघ वाचायला कारकून होताच.

आता नळी काढून तिथे धातूची काडी बसवायची, दोन्ही बाजूंना एकेक संपर्कबिंदू ठेवायचा, की झाला फिरत्या वेटोळ्याचा रिले! कागदावर इतके सोपे. पण वेटोळ्याचा जोर नगण्य. काडी बिंदूला जेमतेम स्पर्श करते आणि मधल्या धुळीच्या कणानेही प्रवाह अडतो. दाबून टेकवावी तर घर्षणाने ती हलतच नाही. माझ्या मते या यंत्राचा खरा इतिहास चुंबकाचा नाही, या स्पर्शाचा आहे.

तोडगा सिडनी जॉर्ज ब्राउन यांच्या ड्रम रिलेने दिला. काडीचे टोक त्यांनी सतत फिरणाऱ्या एका पिंपावर टेकवले. पिंपावर धातूचे दोन पट्टे, मधे वीज न वाहणारा भाग. बाटलीचे घट्ट बूच नुसते ओढले तर येत नाही, पिळत ओढले की अलगद सुटते, तेच इथे. घर्षणाची झुंज पिंपाच्या गतीशी चालू असते, त्यामुळे काडीला आडवे सरकायला जवळजवळ विरोधच उरत नाही. डावा पट्टा एका बॅटरीचा, उजवा दुसरीचा. त्यामुळे धनाचा धन आणि ऋणाचा ऋण संकेत ताज्या ताकदीने पुढच्या केबलवर जाई.

हेच वेटोळे उलटसुलट धावणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहावर ठेवले, तर दोन्हीकडचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात आणि ते जागच्या जागी थरथरते. म्हणून हा रिले एकदिश प्रवाहाचा.

तरीही तो मिळालेल्या संकेताचीच नक्कल करी, पसरटपणासकट. काही ठाण्यांनंतर अक्षरे ओळखू येईनाशी होत. संकेत ठरावीक क्षणी तपासून नव्याने रेखीव घडवणारे ‘रिजनरेटर’ १९२०च्या दशकात केबलठाण्यांवर बसू लागले. त्यानंतर मधल्या ठाण्यांवर संदेश वाचून पुन्हा ठोकणाऱ्या कारकुनांच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या.