नुसती सही

परवा पुतण्या आला होता. तो आणि त्याच्या ऑफिसातला मित्र मिळून पुण्याला वाकडमध्ये फ्लॅट घेताहेत, भाड्याने द्यायला. बँक काही सगळी रक्कम देत नाही. वरचे पैसे स्वतःचे घालावे लागतात. त्यातले थोडे पतसंस्थेकडून काढायचे, आणि पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. "काका, नुसती सही हवीय." मी म्हटलं, फॉर्म ठेवून जा.

'नुसती सही' हे शब्द आमच्या घरात जुने आहेत.

१९३७ साली माझ्या आजोबांनी अशीच सही केली होती. त्यांचे एक स्नेही आणि त्या स्नेह्यांचा भागीदार परळला चाळ बांधत होते. त्या वेळी आजच्यासारखं गृहकर्ज कुठलं? एचडीएफसी निघाली १९७७ साली. प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने सुधार ट्रस्ट काढला, पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या, तरी मुंबईतल्या बहुतेक चाळी खाजगी मालकांच्याच. सावकाराकडे जागा गहाण टाकायची आणि खोल्यांच्या भाड्यातून व्याज फेडायचं. सावकाराला तेवढ्याने समाधान नसे, त्याला पगारदार माणूस जामीन हवा असे. आजोबा शाळेत मास्तर होते.

१९४१ साली भागीदार वारला. कागद केलेला नव्हता. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. पण दोघांनी सामाईक इमारतीचं भाडं वाटून घेतलं, एवढ्याने ते भागीदार ठरत नाहीत, असंही तोच कायदा सांगतो. मग हे दोघे भागीदार की नुसते सहमालक? या एका प्रश्नावर दोन्हीकडचे वकील पोसले गेले. वाद मिटेपर्यंत व्याजाला हात कोणी लावायचा, म्हणून कोणीच लावला नाही.

सावकार सरळ आमच्या घरी आला. आधी मूळ कर्जदाराकडे जा, असं जामीनदाराला सांगता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आजोबांनी कोकणातलं शेत विकलं, आजीच्या पाटल्या गेल्या. पैसे फेडल्यावर जामीनदाराला सावकाराचे हक्क मिळतात (कलम १४०), म्हणजे त्या चाळीवर दावा लावता आला असता. आजोबांनी लावला नाही. त्याऐवजी चाळीतली एक खोली नऊ रुपये भाड्याने घेतली.

गंमत पुढेच आहे. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. मी त्याच खोलीत वाढलो. मी नोकरीला लागलो तरी भाडं नऊच, वर कर काय असेल तो. स्नेह्यांचा मुलगा महिन्याला पावतीपुस्तक घेऊन यायचा, आम्ही त्याला गळणारं छप्पर दाखवायचो, तो मान हलवून निघून जायचा. नऊ रुपयांत कौलं कशी बदलणार? शेजारच्या खोल्या मात्र हजारोंच्या पागडीवर हात बदलत होत्या. पागडी त्या कायद्याने गुन्हा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९९ च्या कायद्याने ती रीतसर झाली.

गोठलेली भाडी अवाजवी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे. नऊ रुपयांवर छत्तीस पैसे!

तेव्हा आमच्या घराने सहीपायी गमावलं की कमावलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. वडील म्हणायचे, मुंबईत फुकटात जागा मिळाली. आजी यावर काही बोलत नसे. शेजारणीच्या हातातल्या पाटल्यांकडे मात्र ती अगदी शेवटपर्यंत बघायची.

काल पुतण्याला फोन केला. दुसरा जामीनदार कोण? मित्राची नोकरी गेली तर त्याचा हप्ता कोण भरणार? दोन महिने भाडेकरू मिळाला नाही तर? दोघांत लेखी काय केलंय?

"काका, कॉलेजपासूनचे मित्र आहोत आम्ही."

मी म्हटलं, आधी तो कागद करून आण. फॉर्म माझ्या कपाटात आहे.