दुर्मिळ संग्रहांचे अंकीकरण व प्रतींची मागणी

संशोधन-ग्रंथालयांतील हस्तलिखिते, जुनी दप्तरे, शिळामुद्रित ग्रंथ, नकाशे इ. दुर्मिळ साहित्याच्या प्रती अभ्यासकांच्या मागणीनुसार करून देण्याची व्यवस्था. प्रतीचे माध्यम काळानुसार बदलत गेले. हातनकलेनंतर छायाचित्र व सूक्ष्मपट आले आणि आता अंकीय प्रतिमा रूढ झाल्या आहेत. तथापि कोणाला, कशाची व कोणत्या क्रमाने प्रत मिळावी, हा मूळ प्रश्न कायम आहे. कोणता इतिहास लिहिला जाईल, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर होय. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर हे मोडी कागद इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले आणि मुख्यतः इनामे व वतने यांच्या चौकशीसाठी जपले गेले. संशोधकांना तेथे दीर्घकाळ मुक्त प्रवेश नव्हता. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव हिंडून खाजगी घराण्यांची दप्तरे धुंडाळली. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत (१९३०–३४) छापले गेले. मूळ दप्तराच्या मानाने हा भाग अल्पच. परंतु सहज हाती येणारा असल्याने तो अभ्यासकांच्या विशेष उपयोगाचा ठरला. न छापलेले असंख्य कागद रुमालांतच राहिले.

प्रतींच्या देवघेवीचे वेगळे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितसंग्रह आला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (१९१९–६६) निरनिराळ्या प्रांतांतील व लिप्यांतील पोथ्यांचे पाठ ताडून पाहावे लागले. सर्वच पोथ्या पुण्यास आणणे शक्य नसल्याने तंजावर व शांतिनिकेतन येथेही पाठ टिपून घेण्याची व्यवस्था झाली. पोथी जागेवर ठेवून तिचा पाठ दूरच्या अभ्यासकापर्यंत पोहोचविणे हे आजच्या अंकीकरणाचेही प्रयोजन आहे.

मागणीची छाननी : मागणीपत्रात संग्रहातील क्रमांक, हवी असलेली पत्रे व उपयोगाचे कारण नोंदविलेले असावे. अंकीय प्रत आधीच उपलब्ध आहे काय, हे प्रथम पाहतात. त्यामुळे तीच पोथी पुन्हा हाताळावी लागत नाही. नंतर मूळ साहित्याची स्थिती तपासतात. पोथीची पत्रे सुटी असल्याने एकेक ठेवून टिपता येतात. परंतु शिवलेले बाड पूर्ण उघडू गेल्यास शिवण तुटते. कागद ठिसूळ झाला असल्यास जतनाची प्रक्रिया आधी करावी लागते. पत्रांचा क्रम, कोरी पाने व समासातील मजकूर यांसह संपूर्ण पोथी टिपून मूळ प्रतिमा स्वतंत्र राखतात आणि अभ्यासकास तिची वापरप्रत देतात.

कायदा व संमती : भारतात ग्रंथकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयावरील स्वामित्वहक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार विनानफा सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील साहित्याची जतनार्थ अंकीय प्रत ठेवता येते. देणगीदाराच्या अटींचाही विचार करावा लागतो. विदर्भातील महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्यांतील पोथ्या मठांतून श्रद्धेने सांभाळल्या गेल्या. अशा पोथ्यांच्या बाबतीत त्या सांभाळणाऱ्यांची संमती हाही महत्त्वाचा भाग ठरतो.

प्राधान्याचा प्रश्न : केवळ मागणीच्या क्रमाने काम केल्यास प्रसिद्ध ग्रंथांच्या प्रती होत राहतात आणि सूचीत न आलेले साहित्य मागेच पडते. ज्याची नोंद नाही त्याची मागणी होत नाही. आणि न मागितलेला कागदही कसरीने व दमटपणाने नष्ट होतच असतो. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली, तेव्हा हस्तलिखितांची नोंदणी, जतन व अंकीकरण या कामांचा एकत्रित विचार करण्यात आला. मोडी कागदाची नुसती प्रतिमा पुरेशी नसते. तारीख, गाव व विषय यांची देवनागरी नोंद सोबत नसेल, तर ती शोधता येत नाही.

या व्यवस्थेचा खरा लाभ मोठ्या शहरांबाहेरील अभ्यासकास होतो. नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथील शिक्षकास आपल्या परगण्याचा जुना कागद पाहण्यासाठी पूर्वी प्रवास, मुक्काम व परवानगी या तिन्हींची तजवीज करावी लागे. अंकीय प्रतीमुळे त्याचा प्रवास वाचू शकतो. मात्र त्याच्या गावच्या कागदास प्राधान्यक्रमात स्थान मिळते की नाही, हे ग्रंथालयाच्या निवडीवरच अवलंबून राहते. म्हणून आलेल्या मागण्या पुरविण्याबरोबरच, मागणी नसलेल्या साहित्यासाठीही वेळ व निधी यांचा ठराविक वाटा राखून ठेवणे इष्ट ठरते.