मधुशुक्त, ताडी आणि घरची बरणी

व्हिनेगरमध्ये आले, लसूण, ओली हळद, मिरे आणि दालचिनी महिनाभर मुरवून, गाळून, त्यात मध घातलेले आंबट-तिखट पेय गेल्या काही वर्षांत ठाणे आणि डोंबिवलीतील अनेक घरांत थंडी-पावसाळ्याचे औषध म्हणून स्थिरावले आहे, आणि सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली बाहेरून आलेली असल्यामुळे तो प्रकारच परका असावा असा समज सहज होतो. मात्र आंबट द्रव, मध आणि तिखट काष्ठौषधी एका भांड्यात बंद करून मुरवण्याची कृती तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेत ‘मधुशुक्त’ या नावाने दिलेली आहे. संधान म्हणजे द्रव्ये आंबवून औषध तयार करणे. त्यातून मादक द्रव निघाला तर ते मद्य आणि आंबट द्रव निघाला तर ते शुक्त, असा ढोबळ भेद वैद्यकात केला जातो, आणि भाताच्या पेजेपासून होणारी कांजी ही या दुसऱ्या कुळातली सर्वांत साधी वस्तू होय. मधुशुक्तासाठी ईडलिंबाच्या जातीच्या आंबट फळाचा रस एक प्रस्थ, मध एक कुडव आणि पिंपळी एक पल घेण्यास सांगितले आहे. चार पलांचा कुडव व चार कुडवांचा प्रस्थ हे कोष्टक लावले की सोळा भाग रस, चार भाग मध आणि एक भाग पिंपळी असे सुटसुटीत प्रमाण हाती येते. हे मिश्रण मातीच्या भांड्यात घालून धान्याच्या राशीत महिनाभर पुरून ठेवायचे असते. आजचा वाचक हे पिण्याचे औषध समजून बसेल, परंतु त्याचा ठळक उपयोग कानाच्या विकारांवरील क्षारतेल सिद्ध करण्यासाठी सांगितलेला आहे.

धान्याच्या राशीचा आग्रह अंधश्रद्धेतून आलेला नाही. दाट मधात पाण्याचा अंश इतका कमी असतो की त्यात किण्व वाढू शकत नाही, पण चौपट रस मिसळून तो पातळ झाला की किण्वाला वाट मोकळी होते. लिंबाची तीव्र आम्लता कुजवणाऱ्या जंतूंना रोखून धरते, आणि धान्याची रास दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार अडवून भांड्याला सारखी ऊब देते. भात हेच मुख्य पीक असलेल्या कल्याण-मुरबाडच्या पट्ट्यात सुगीनंतर कणगी भरलेली असे, म्हणून ग्रंथातली ही अट येथील शेतकरी घराला अवघड नव्हती.

मध आणि आंबट यांची जोडी केवळ भारताची नाही. ग्रीक वैद्यकात हिपोक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांपासून व्हिनेगर व मधाचे ‘ऑक्सिमेल’ आढळते, आणि तीच कल्पना अरब-इराणी वैद्यकात सिरका म्हणजे व्हिनेगर आणि अंगबीन म्हणजे मध यांच्या ‘सिकंजबीन’ या रूपाने रुळून पुढे युनानी पद्धतीत आली, जिचे दवाखाने भिवंडीत आजही दिसतात. कल्याण हे बंदर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘कॅलिएना’ म्हणून नोंदलेले आहे आणि त्याच ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या मालात पिंपळीचाही उल्लेख आहे. तेवढ्यावरून ग्रीक औषध येथे उतरले किंवा येथले तिकडे गेले असे म्हणणे म्हणजे इतिहासाऐवजी अभिमान लिहिणे होईल.

या परिसराला आंबट द्रव खरा पुरवला तो ताडामाडांनी. ताड, माड आणि शिंदी यांच्या पोयीतून किंवा खोडातून मिळणारा गोड रस म्हणजे नीरा. उन्हाळी हवेत काही तासांत ती फेसाळून ताडी होते, आणि उघडी राहिली तर हवेतील प्राणवायू घेऊन आम्लजंतू तिच्यातील मद्यार्काचे आम्ल करतात व ताडीचा शिरका तयार होतो. इ. स. 1321 मध्ये ठाण्यात आलेल्या जॉर्डेनस या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने येथील झाडापासून निघणाऱ्या पांढऱ्या, रुचकर पेयाचे वर्णन करताना ‘तारी’ हे नाव नोंदवले आहे. पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक संवादग्रंथात माडाची सुरा आणि तिच्यापासून होणारा शिरका या दोहोंची दखल घेतलेली आढळते. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाणे मराठ्यांनी 1737 मध्ये, तर वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत हा किनारा त्यांच्याच अमलाखाली राहिला. या काळात शिरका स्वयंपाकात पक्का बसला तो ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या येथील मराठीभाषक ख्रिस्ती घरांत, जेथे सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचे कालवण त्याच्याशिवाय होत नाही. शेजारच्या ब्राह्मण-प्रभू स्वयंपाकघरांत मात्र तो शिरला नाही. याचे कारण चवीत शोधण्यापेक्षा ताडीशी असलेल्या नात्यात शोधणे अधिक योग्य, कारण आंबटाची हौस त्या घरांनी लिंबू, चिंच, कोकमाचे आगळ आणि ताक यांवर पुरेपूर भागवली.

मध येई तो शहापूर-मुरबाडच्या रानातून. कड्यावर आणि उंच झाडांवर लोंबणारे आग्या माशीचे मोठे पोळे, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात राहणाऱ्या सातेरीचे पोळे आणि झुडपातले फुलोरीचे तळहाताएवढे पोळे हे भेद कातकरी व ठाकूर यांना चांगले ठाऊक, आणि धूर करून आग्या मोहोळ उतरवणे हे त्यांचेच कसब होते. या मधाचा घरातला उपयोग मुरवण्यापेक्षा ‘अनुपान’ म्हणून, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर पोटात घ्यायचे तो पदार्थ म्हणून अधिक झाला. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून लेंडी पिंपळी उगाळायची, तो करडा गंध बोटाने निपटून वाटीत घ्यायचा, त्यात किसून पिळलेल्या आल्याचा रस आणि मध घालून चाटण करायचे, आणि ते न तापवता लगेच द्यायचे. मध तापवू नये हा आयुर्वेदाचा नियम आजी-पणज्यांनी ग्रंथ न वाचताही पाळला. आले-लिंबाचे पाचक बरणीत भरून, तोंडाला दादरा बांधून उन्हात ठेवण्याची रीतही होती, पण त्यात सैंधव पडे, आणि मिठामुळे ते आंबण्याऐवजी मुरे. चाटण मिनिटांत संपते, पाचक टिकते, आणि या दोहोंच्या मधली आंबवण्याची पायरी मध्यमवर्गीय घरातून गळत गेली.

ती गळण्यामागे पोथीपेक्षा कायद्याचा हात मोठा दिसतो. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढणे परवान्याच्या आणि झाडागणिक कराच्या कक्षेत आले, ज्याची झळ भंडारी समाजाला सर्वांत आधी बसली. 1892 चा मोहा कायदा तर खास ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी झाला: घरगुती दारू थांबवण्यासाठी मोहाची फुले बाळगण्यावर व त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले, जरी तीच फुले वाळवून रानातील गरीब माणूस पावसाळ्यात पोट भरत असे. मधुशुक्ताच्या भांड्यावर कोणाचीही नजर नव्हती. पण आंबवणे या क्रियेवरच सरकारी संशय बसला की ती करणारा हात आखडतो, आणि वैद्यकीय आंबवण हळूहळू ज्याला परवाना मिळवणे परवडते त्याच्याकडे सरकते.

ती सरकलीही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये पनवेल येथे, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला, आणि अशा कारखान्यांमुळे आसव-अरिष्टे, म्हणजे काष्ठौषधींचा रस वा काढा गूळ-मधासह आंबवून केलेली औषधे, बाटलीतून घरोघर जाऊ लागली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने या बाटलीतील मद्यार्कालाही वेढले; परंतु 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रवांना लागू होणारा बंदीचा भाग रद्द ठरवला आणि 1952 च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी वेगळी कलमे आली. 1955 च्या केंद्रीय कायद्याने औषधांतील मद्यार्कावरील कराची व्यवस्था लावली. अरिष्टाच्या बाटलीवर मद्यार्क बाहेरून मिसळलेला नसून आंबताना आपोआप तयार झालेला आहे, अशा अर्थाची ओळ आजही वाचायला मिळते, ती या साऱ्या वादाची उरलेली खूण आहे.

अशा वळणाने आंबवण घराबाहेर गेली आणि व्हिनेगरच्या रूपाने तयार होऊन परत आली. भारतीय अन्नमानकांनुसार व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते, त्यामुळे आले-लसूण टिकवण्याचे काम ते पहिल्या दिवसापासून करते आणि महिनाभराचा काळ आता आंबवण्यासाठी नव्हे तर अर्क उतरण्यासाठी लागतो. अमेरिकेत याच धर्तीचे ‘फायर सायडर’ रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधीतज्ज्ञ महिलेने सुमारे 1980 पासून लोकप्रिय केले. पुढे एका कंपनीने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले, वनौषधी करणाऱ्यांनी त्याला विरोध केला, आणि 2019 मध्ये न्यायालयाने ते नाव सर्वसामान्य असून कोणा एकाच्या मालकीचे नाही असे ठरवले. डोंबिवलीच्या सदनिकेत तांदूळ पाच-दहा किलोंच्या पिशवीत येतो आणि भांडे पुरावे अशी रास कोठेच नसते. म्हणून बरणी ओट्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात राहते, मध गाळल्यानंतरच पडतो, आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे झाकण आम्लाने खाल्ले जाते हे पहिल्या खेपेला कळल्यावर दुसऱ्या खेपेला काचेची किंवा चिनीमातीचीच बरणी निघते.