वरळीचा किताब

२९ मे १९६८ रोजी मुंबईत, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये, लू थेझ हा अमेरिकन मल्ल दारासिंग यांच्याकडून पराभूत झाला आणि दारासिंग विश्वविजेते ठरले. त्यांच्या प्रत्येक चरित्रलेखात ही घटना येते. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हाच्या मृत्युलेखांतही ती ठळकपणे आली. परंतु व्यावसायिक कुस्तीत ज्या किताबाला त्या काळी सर्वाधिक वजन होते, त्याची वंशावळ पाहिली तर तीत ही तारीख आढळत नाही. हा किताब १९४८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या संघटनेचा. थेझने तो जानेवारी १९६६ मध्येच सेंट लुईस येथे जीन किनिस्की याच्यापुढे गमावला होता, आणि किनिस्कीकडून तो फेब्रुवारी १९६९ मध्ये धाकट्या डोरी फंककडे गेला. थेझ वरळीच्या रिंगणात उतरला तेव्हा या वंशावळीच्या हिशेबाने तो माजी विजेता होता. मग त्या दिवशी हस्तांतर झाले ते नेमके कशाचे?

हा प्रश्न दारासिंगांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्यासाठी विचारायचा नाही. किताब ही वस्तूच मुळात कशी घडते, कोणाच्या मान्यतेने टिकते आणि कोणाच्या विस्मरणाने नाहीशी होते, हे समजून घेण्यास वरळीच्या कुस्तीइतके सोयीचे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

मराठी मुलखातील कुस्तीला किताब नवा नव्हता, पण त्याची कल्पना निराळी होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये खुले झाले. तेथे उतरणारा मल्ल पुढे असलेल्या जोडीशी लढे, कोणत्याही पट्ट्यासाठी नव्हे. कुस्ती निकाली असावी, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत ती चालावी, ही प्रेक्षकांची अपेक्षा. आणि पाठ लागली की नाही याचे खरे पंच चहूबाजूंच्या उतारावर बसलेले हजारो लोकच असत. पुढे १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची परंपरा सुरू झाली, तरी तीतही गदा त्या त्या वर्षाची असते. गतवर्षीच्या केसरीला हरवल्यावाचून नवा केसरी होता येत नाही, असा तिचा नियम नाही. पाश्चात्य व्यावसायिक कुस्तीत मात्र किताब गादीसारखा असतो. धारक आहे तोवर तो त्याचा; त्याला पाडील तो पुढचा धारक. त्यामुळे तेथे प्रत्येक पराभव हा सत्तांतराचा प्रसंग होतो आणि सत्तांतर म्हटले की त्यामागे वाटाघाटी आल्याच.

या दोन कल्पनांची पहिली मोठी गाठ १९१० मध्ये लंडनला पडली. दतियाच्या आश्रयाने नावारूपाला आलेले गामा १० सप्टेंबरला स्टॅनिस्लाउस झिबिस्को या पोलिश मल्लाशी लढले. झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ उठलाच नाही. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने ती पुन्हा व्हायची होती, पण झिबिस्को फिरकला नाही, आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आतच चीत केले.

पतियाळाची ही कुस्ती आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. याच झिबिस्कोने मधल्या काळात अमेरिकेत काय केले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे निकाल बहुतांशी आधी ठरू लागले होते. ‘स्ट्रँग्लर’ म्हणून ओळखला जाणारा एड लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स मोंड्ट या तिघांच्या हाती जगज्जेतेपदाची सूत्रे होती. गल्ला वाढावा म्हणून जानेवारी १९२५ मध्ये लुईसने वेन मन याच्याकडून हार पत्करली. मन हा फुटबॉलचा धिप्पाड खेळाडू होता. कुस्ती त्याला येत नव्हती. हे झाकण्यासाठी त्याच्यापुढे पडायला राजी असलेले मल्ल उभे करण्यात येत. एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया येथे झिबिस्कोने पडावे असे ठरले होते. तो पडला नाही. त्याने मनला खरोखरीची कुस्ती दाखवली, पुन्हा पुन्हा त्याची पाठ टेकवली, आणि पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दीड महिन्याच्या आत त्याने तो किताब प्रतिस्पर्धी गटाच्या जो स्टेकरकडे पोचता केला. ठरवलेल्या कुस्तीत खरी कुस्ती घुसली होती, आणि तीही सचोटीपोटी नव्हे, दुसऱ्या एका सौद्यापोटी!

या दगाबाजीने धंद्याला एक धडा मिळाला. निकाल ठरलेला असला तरी किताबधारक असा हवा की ज्याला कोणी ऐनवेळी शब्द फिरवून पाडू शकणार नाही. वरळीला आलेला लू थेझ हा या धड्याचाच परिपाक होता. त्याचा जन्म १९१६चा, हंगेरियन वंशाच्या कुटुंबातला. जॉर्ज ट्रॅगोसने त्याला घडवले, आणि ज्याच्या हातून १९२५ साली किताब निसटला तो एड लुईस पुढे त्याचा मार्गदर्शक झाला. सांधा अडकवून प्रतिस्पर्ध्याला जागच्या जागी हतबल करण्याचे, प्रसंगी हाड मोडण्याचे डाव थेझला अवगत होते. १९४९ साली अलायन्सने त्याला विजेता म्हणून मान्यता दिली त्यामागे हे मोठे कारण होते. त्याच्या संमतीवाचून त्याला हरवणे अवघड होते. म्हणून त्याची हार ही नेहमीच त्याची संमती असे. हे ध्यानात घेतले म्हणजे वरळीच्या निकालाचा अर्थ थोडा उलगडतो.

दारासिंगांची वाटचाल वेगळ्या मुलखातून झाली. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावी १९२८ साली त्यांचा जन्म झाला. फाळणीच्या सुमारास ते सिंगापूरला गेले, पिंपांच्या कारखान्यात काम केले आणि हरनामसिंग यांच्याकडे व्यावसायिक कुस्तीचे धडे घेतले. १९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंग यांना हरवून ते रुस्तम-ए-हिंद झाले. १९५९ मध्ये कलकत्त्याला जॉर्ज गॉर्डिएन्को याला हरवून राष्ट्रकुल विजेते. एमिल झाया या मूळच्या युरोपियन मल्लाने ‘किंग काँग’ हे नाव धारण केले होते. त्याच्या अवाढव्य देहाला दारासिंगांनी कसे उचलले, याच्या कथा मुंबईच्या गिरणगावापासून पंजाबच्या खेड्यापर्यंत पसरल्या. १९६२ साली ‘किंग काँग’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात नायक दारासिंगच होते. पुढच्या वर्षीच्या ‘फौलाद’मध्ये मुमताज त्यांची नायिका झाली. वरळीचे रिंगण आणि हिंदी स्टंटपट हे दोन्ही तेव्हा एकमेकांना प्रेक्षक पुरवीत होते.

मराठी तालमींना या साऱ्याबद्दल फारसा आदर नव्हता, याची एक खूण भाषेत उरली आहे. ‘फ्रीस्टाइल’ हे ऑलिंपिकमधील एका काटेकोर नियमबद्ध कुस्तीप्रकाराचे नाव. मराठी वृत्तपत्रांत मात्र ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे धरबंद नसलेली हाणामारी. नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की मथळ्यात हा शब्द हमखास येतो. खरी फ्रीस्टाइल खेळून हेलसिंकीहून १९५२ साली कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे; त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. तरीही शब्दाचा अर्थ ठरवला तो वरळीने. लोकमानसावरचा ठसा नेहमीच पदकांच्या प्रमाणात उमटत नसतो, आणि याचा दोष दारासिंगांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते पैलवान होते, व्यायाम आणि खुराक यांच्या बाबतीत कोणत्याही वस्तादाला मान्य व्हावी अशी त्यांची शिस्त होती. खुद्द थेझनेही दारासिंग हे अस्सल मल्ल असल्याची ग्वाही नंतर दिली आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला अडचण वाटली नसल्याचे सांगितले.

या ग्वाहीचे मोल मोठे आहे. थेझ त्या दिवशी बावन्न वर्षांचा होता आणि दारासिंग चाळिशीच्या उंबरठ्यावर. अलायन्सचा पट्टा थेझच्या कमरेला नव्हता, पण एड लुईसपासून चालत आलेला अधिकार त्याच्या अंगी होता: कोणापुढे पाठ टेकवायची आणि कोणापुढे नाही, हे ठरवण्याचा. ज्याला कुस्ती येत नाही अशाला तो सहजी विजय देणारा नव्हता. वरळीत हातबदल झालेला किताब कागदोपत्री विरळ असेल. थेझच्या नावाला चिकटलेली प्रतिष्ठा मात्र खरी होती, आणि तीच दारासिंगांना मिळाली. निकाल आधी ठरला होता का, असे कोणी विचारले तर त्या काळच्या धंद्याची रीत पाहता दुसरे काही मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण ठरवलेला निकाल आणि पोकळ निकाल या एक गोष्टी नव्हेत, हे मनच्या उदाहरणावरून दिसतेच.

येथे दूरचित्रवाणीचा विचार करावा लागतो, कारण तिच्यावाचून हा धंदा जगात कोठेच एवढा वाढला नाही. जपानात १९५४ पासून रस्त्यांत उभारलेल्या दूरचित्रवाणी संचांपुढे लोटलेल्या गर्दीने रिकिडोझान या मल्लाला राष्ट्रपुरुष केले. हाच थेझ १९५७ मध्ये टोकियोला गेला आणि रिकिडोझानशी तासभर लढून बरोबरीत सुटला, तेव्हा ती कुस्ती घरोघरी पाहिली गेली. मुंबईला हे भाग्य नव्हते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते खरे, पण मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे थेझ येऊन गेल्यानंतर चार वर्षांनी. योगायोग असा की ते केंद्रही वरळीतच उभे राहिले. १९६८चा निकाल मुंबईबाहेर पोचला तो वर्तमानपत्रांच्या ओळींतून आणि पाहून आलेल्यांच्या तोंडून. सांगणाऱ्यागणिक तो मोठा झाला. ज्या किताबाचा चित्रपुरावा घरोघरी पोचला नाही, तो अशा रीतीने अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणण्यास जागा आहे.

दूरचित्रवाणीला दारासिंग गवसले ते १९८७ साली, ‘रामायण’ मालिकेत हनुमानाच्या रूपाने. तोवर ते कुस्तीतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. ज्या तालमींनी फ्रीस्टाइलला नाके मुरडली त्यांच्या प्रत्येक कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते. रविवारी सकाळी त्याच मारुतीच्या वेषात दारासिंग पडद्यावर येत आणि घराघरांतून हात जोडले जात.

नव्वदच्या दशकात केबलवरून अमेरिकन कुस्ती मराठी घरांत शिरली. शाळकरी मुले मल्लांची उंची, वजन आणि दंडाचा घेर छापलेले पत्ते मधल्या सुटीत जिंकू-हरू लागली. हे खरे की खोटे, यावर वर्गात भांडणे होत. गंमत अशी, की याचा उलगडा कंपनीच्या मालकांनीच १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे करून टाकला होता: हा स्पर्धात्मक खेळ नव्हे, करमणूक आहे, तेव्हा त्यावर क्रीडा आयोगाचे नियंत्रण व कर नसावा. मुलांना जे गुपित वाटत होते ते करसवलतीच्या कारणास्तव जाहीर झालेले होते.

२००७ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्याचा दलीपसिंग राणा, म्हणजे ‘द ग्रेट खली’, याच कंपनीचा जगज्जेता झाला. एज या मल्लाला दुखापतीमुळे किताब सोडावा लागला होता, आणि रिकाम्या पदासाठी वीस जणांची एकत्र लढत टेक्सासमधील लारेडो येथे झाली. तिचे चित्रण मंगळवार १७ जुलैचे आणि प्रक्षेपण शुक्रवार २० जुलैचे. मधले तीन दिवस भारतातील प्रेक्षकांच्या दृष्टीने किताब अजून रिकामाच होता. त्यांनी ज्या क्षणी जल्लोष केला, तो क्षण केव्हाच होऊन गेला होता. १६ सप्टेंबरला मेम्फिस येथे बटिस्टाने खलीकडून तो किताब घेतला. खलीच्या कुस्तीकौशल्याविषयी जाणकारांचे मत प्रतिकूल होते; सात फुटांहून अधिक उंची हेच त्याचे भांडवल. लुईस आणि सँडो यांनी १९२५ साली मनच्या देहात जे पाहिले, ते येथेही पाहिले गेले असावे. फरक एवढाच, की आता झिबिस्कोची भीती उरली नव्हती.

त्या कंपनीने जगज्जेत्यांची यादी तारखांसह जपली आहे आणि तीत खलीचे नाव आहे. दारासिंग अशा कोणत्याही यादीत नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, त्याच कंपनीने आपल्या मानकऱ्यांच्या दालनात जुन्या पिढीतील मल्लांसोबत त्यांचा समावेश केला.